धक्का कोण झेलतो? – मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपची गोष्ट

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारसायकलींकडे एकदा मागच्या बाजूने बघा. बहुतेक गाड्यांना मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, सीटखालून चाकाच्या आसाकडे तिरपी उतरलेली, स्प्रिंग गुंडाळलेली दोन नळकांडी दिसतील. काही गाड्यांना ती दिसणार नाहीत. तिथे एकच नळकांडे इंजिनाच्या मागे आडोशाला बसवलेले असते. गॅरेजमध्ये याला 'शॉकअप' म्हणतात. मूळ शब्द 'शॉक ॲब्सॉर्बर', म्हणजे धक्का शोषून घेणारा. हे नाव इतके रुळले आहे की ते चुकीचे आहे असे सांगितले तर आपल्याला विचित्र वाटते.

धक्का झेलते ती स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढून वर उसळले की स्प्रिंग दबते आणि ती ऊर्जा स्वतःत साठवते. पण स्प्रिंग ही अतिप्रामाणिक कर्जदारासारखी असते. घेतलेले सगळे परत करते, आणि तेही लगेच! दबलेली स्प्रिंग उलगडताना गाडीला वर फेकते, गाडी वर गेली की स्प्रिंग ताणते, मग गाडी खाली येते आणि पुन्हा दाबते. एका खड्ड्यासाठी चार-सहा वेळा डोलावे लागते. आतल्या नळकांड्याचे काम ही परतफेड थांबवण्याचे आहे. साठवलेली ऊर्जा गाडीला परत न देता ते तिची उष्णता करून टाकते. शास्त्रीय भाषेत याला 'अवमंदन' म्हणतात आणि ते करणाऱ्या उपकरणाला अवमंदक. म्हणजे शॉकअपमध्ये दोन वेगळी उपकरणे एकत्र असतात: बाहेरून दिसणारी स्प्रिंग आणि आत दडलेला अवमंदक.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एखादी लांब, मऊ स्प्रिंग टांगून तिला असे वजन लावा की ती ४ सेंटिमीटर ताणली जाईल. वजन थोडे खाली ओढून सोडा आणि दोलने मोजा. मिनिटाला सुमारे १५० भरतील. (नुसत्या ताणावरून हे आधीच सांगता येते, स्प्रिंग कोणती आणि वजन किती याने फरक पडत नाही. कारण शोधायचे काम विद्यार्थ्यांना द्या.) आता वजनाखाली पत्र्याची एक चकती अडकवा आणि ती पाण्याच्या भांड्यात बुडवून प्रयोग पुन्हा करा. मग पाण्याऐवजी गोडेतेल घ्या, जमल्यास एरंडेल घ्या. दोलनांचा वेग फारसा बदलत नाही, पण ती लवकर विरतात. एरंडेलात तर वजन जेमतेम एकदा हलून गप्प बसते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा इतिहास म्हणजे बराचसा स्प्रिंगकडून या तेलाकडे झालेला प्रवास आहे. त्यातली गंमत अशी की, या प्रवासातली महत्त्वाची पावले बहुतेक वेळा कारखान्याबाहेरच्या, कारखान्याने दिलेल्या वस्तूवर समाधान न मानणाऱ्या माणसांनी टाकली.

हाडासारखी घट्ट गाडी

१८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोलचे इंजिन बसवून दुचाकी केली तेव्हा तिला मागे स्प्रिंग नव्हती. पुढची पन्नास वर्षे बहुतेक मोटारसायकलींची तीच स्थिती होती. पुढच्या चाकाला स्प्रिंगा लवकर आल्या. मागचे चाक मात्र सायकलसारखे थेट सांगाड्यात बसवलेले असे आणि चालवणाऱ्याच्या पाठीची काळजी सीटखालच्या दोन स्प्रिंगांवर सोपवलेली असे. हे कोणाला सुचले नव्हते असे नाही. अमेरिकेच्या 'इंडियन' कंपनीने १९१३ सालीच मागे पट्ट्यांच्या स्प्रिंगा (बैलगाडीच्या नव्हे, पण टांग्याच्या असतात तशा) लावून गाडी विकली होती. इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट या तरुणाने १९२८ मध्ये मागच्या चाकाला त्रिकोणी चौकटीत धरून सीटखालच्या स्प्रिंगांवर झुलवण्याची रचना केली आणि याच बळावर कंपनी काढली. गिऱ्हाइके तिच्याकडे संशयाने बघत.

संशयाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मागच्या चाकाला हलायला मोकळीक द्यायची तर कुठेतरी सांधा हवा. सांध्यात खीळ आली, खीळ झिजली की चाक वर-खालीच नव्हे तर आजूबाजूलाही डुलणार. शिवाय इंजिनाची साखळी चाकाबरोबर ताणली-सैलावली जाणार. तेव्हा आराम हवा असेल तर स्प्रिंग घ्या, वेग हवा असेल तर गाडी हाडासारखी घट्टच हवी, अशी शर्यतवाल्यांची ठाम समजूत होती.

ती मोडली १९३५ साली, आइल ऑफ मॅन या बेटावरच्या टी. टी. शर्यतीत. गावे, दगडी कुंपणे आणि डोंगर यांतून जाणाऱ्या साठ किलोमीटरच्या रस्त्याच्या सात फेऱ्या तिथे मारायच्या असतात. बक्षिसांवर नॉर्टन कंपनीचा जवळपास हक्कच झाला होता आणि नॉर्टनची गाडी मागून घट्ट होती. त्या वर्षी आयर्लंडचा स्टॅन्ली वुड्स इटलीच्या मोटो गुझ्झी गाडीवर उतरला. या गाडीला मागे स्प्रिंग होती. कार्लो गुझ्झी यांचे भाऊ जुझेप्पे यांनी १९२८ मध्ये अशाच स्प्रिंगच्या गाडीवर इटलीहून थेट नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत जाऊन रचनेची परीक्षा घेतली होती. शर्यतीत नॉर्टनचा जिमी गथ्री पुढे होता. शेवटच्या फेरीआधी वुड्स पेट्रोलसाठी थांबेल अशी त्याच्या तंबूत तयारी दिसत होती. ते बघून नॉर्टनवाले निर्धास्त राहिले. वुड्स थांबलाच नाही. शेवटच्या फेरीत त्याने विक्रमी वेग काढला आणि तीन तासांहून जास्त चाललेली ती शर्यत चार सेकंदांनी जिंकली. लोकांनी गथ्रीला विजेता समजून त्याचे अभिनंदनही करून टाकले होते!

चार सेकंदांचे श्रेय एकट्या स्प्रिंगला देता येणार नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. मागची स्प्रिंग पाठीसाठी असते हा समज अपुरा होता. टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण टायर रस्त्यावर किती जोराने दाबला आहे यावर ठरते हे आपण आठवीपासून शिकवतो. घट्ट गाडीचे चाक उंचवट्यावरून हवेत उडते. हवेतल्या चाकावर दाब शून्य, म्हणून घर्षण शून्य. तेवढा वेळ इंजिनाची ताकद फुकट, ब्रेक फुकट आणि वळणावर गाडीला धरून ठेवणारा जोरही फुकट. स्प्रिंगमुळे चाक रस्त्याच्या उंचसखलपणामागे जाऊ शकते. आराम हा त्याचा दुय्यम फायदा.

चकत्यांपासून तेलापर्यंत

वुड्सच्या गाडीत अवमंदन होते ते घर्षणाचे. एकमेकींवर दाबून बसवलेल्या चकत्या एकमेकींवर घासत आणि ऊर्जा खात. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सचे त्रुफो आणि अमेरिकेचे हार्टफर्ड यांनी मोटारींसाठी ही पद्धत रूढ केली होती. तिच्यात एक मूलभूत दोष आहे. कोरड्या घर्षणाचा विरोध वेगावर जवळजवळ अवलंबून नसतो. लहानशी खडी असो की मोठा खड्डा, चकती तेवढाच विरोध करते. त्यामुळे लहान धक्क्याला ती हलतच नाही आणि मोठ्या धक्क्याला अपुरी पडते.

तेलाचे तसे नाही. इंजेक्शनची सिरिंज पाण्याने भरून हळू दाबा, सहज दबते. जोरात दाबा, बोट दुखते. बारीक छिद्रातून द्रव ढकलताना विरोध वेगाबरोबर वाढत जातो. तेलाने भरलेल्या नळीत छिद्रे असलेला दट्ट्या सरकवला की झाला अवमंदक. त्यात आणखी एक सोय आहे. छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा बसवून दोन दिशांना वेगवेगळा विरोध ठेवता येतो. चाक वर येताना त्याला बऱ्यापैकी मोकळे सोडायचे, म्हणजे धक्का सीटपर्यंत पोचत नाही. स्प्रिंग उलगडताना मात्र आवरून धरायचे. हात लावून बघण्यासारखी गोष्ट आहे: चांगला शॉकअप जितक्या वेगाने दबतो त्याहून सावकाश उलगडतो.

बी. एम. डब्ल्यू.ने १९३५ साली पुढच्या फोर्कमध्ये तेलाचे अवमंदन आणले. मागच्या चाकाला मात्र १९३८ मध्ये त्याच कंपनीने दिली ती 'प्लंजर' रचना, म्हणजे आसाची दोन्ही टोके दोन उभ्या नळ्यांत स्प्रिंगांच्या मधे वर-खाली सरकत. दिसायला नीटनेटकी, जुन्या सांगाड्यात बसवायला सोपी. पण हालचाल जेमतेम काही सेंटिमीटर, आणि दोन्ही टोके वेगवेगळी सरकल्यामुळे चाक पिळले जाई. बऱ्याच कंपन्यांनी ती पंधरा-वीस वर्षे चालवली. आम्हाला तर ती अर्धवट मन बनवलेल्या माणसाची युक्ती वाटते.

खरे उत्तर बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसकडून आले. हा कोणत्याही मोटारसायकल कारखान्यात नोकरीला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने आपल्या गाडीचा मागचा भाग बदलून तिथे चिमट्यासारखा एक दांडा बसवला. पुढून एका खिळीवर झुलणारा, मागे चाक धरणारा. आज याला स्विंगआर्म म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना उभे, तेलाचे अवमंदक लावले. म्हणजे आपण आवारात पाहतो तीच रचना. तो आणि त्याचा भाऊ घट्ट गाडीचा मागचा भाग काढून तिथे ही रचना बसवण्याचे संचही करत. कारखान्याने दिलेली मागची बाजू बदलून घेण्याचा व्यवसाय इतका जुना आहे. नॉर्टनने त्याला बोलावले, आणि त्याने केलेल्या सांगाड्याच्या गाड्यांनी १९५० सालच्या टी. टी.मध्ये ज्युनिअर आणि सीनिअर अशा दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक घेतले. नॉर्टनचा शर्यतपटू हॅरल्ड डॅनिएल याला ती गाडी पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून सांगाड्याचे नावच 'फेदरबेड' पडले.

त्यानंतर दहा वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी हीच रचना घेतली. (एका इंग्रज कंपनीचे शॉकअप इतके जाडजूड होते की लोक त्यांना मुरांब्याच्या बरण्या म्हणत.) रॉयल एन्फील्डने तर १९४९ च्या बुलेटलाच स्विंगआर्म दिला होता. हीच बुलेट १९५५ साली मद्रासला स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाच्या मार्फत आपल्याकडे आली. म्हणजे भारतात तयार होऊ लागलेली पहिली मोठी मोटारसायकल मागच्या बाजूने त्या काळाच्या मानाने पुढारलेली होती. बाकीच्या बाबतीत ती पुढे किती दशके तिथेच थांबली हा वेगळा विषय आहे.

तेल तापते

आता थोडा हिशोब करू. आकडे अंदाजाचे आहेत, पण प्रमाण कळायला पुरेसे आहेत. मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून १ मिलिमीटर दाबायला ४० न्यूटन लागतात असे धरा. मोठ्या खड्ड्यात त्या ५ सेंटिमीटर दबल्या तर साठलेली ऊर्जा निम्मे गुणिले ४०,००० गुणिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ५० ज्यूल. खराब रस्त्यावर सेकंदाला असे दोन धक्के बसले तर १०० वॅट. म्हणजे प्रत्येक शॉकअपमध्ये ५० वॅटचा दिवा सतत जळतो आहे. आतले तेल लहान वाटीभरही नसते. ७० ग्रॅम धरू. तेलाचा एक ग्रॅम एक अंशाने तापायला सुमारे २ ज्यूल लागतात. बाहेरच्या हवेने आणि नळीच्या धातूने काहीच उष्णता घेतली नाही असे मानले तर तेल मिनिटाला वीसेक अंशांनी तापेल. प्रत्यक्षात धातू आणि वारा मदतीला असतात म्हणून निभावते. पण घाटातल्या उखडलेल्या रस्त्यावर तासभर चालवल्यावर शॉकअपला हात लावून पाहा. चटका बसेल, जपून.

तेल तापले की पातळ होते, पातळ तेलाचा विरोध कमी. त्याहून वाईट दुसरी गोष्ट. साध्या शॉकअपमध्ये तेलाच्या वर थोडी हवा सोडावी लागते, कारण दट्ट्याचा दांडा आत शिरताना जागा व्यापतो आणि तेल दबत नाही. सतत घुसळल्याने ही हवा तेलात मिसळते आणि तेलाचे ताक होते. फेसाला विरोध कसला करता येणार? हवा छिद्रातून सहज निसटते. शर्यतीच्या सुरुवातीला उत्तम चालणारी गाडी शेवटी बकरीसारखी उड्या मारू लागते ती यामुळे.

यावरचा उपाय फ्रान्सच्या क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काढला. हे गृहस्थ विमानाच्या चाकांना उतरताना जी थरथर सुटते तिचे गणित करणारे संशोधक. त्यांचा त्यावरचा निबंध अमेरिकेच्या विमानविद्या समितीने भाषांतर करून छापला होता. त्यांनी एकाच नळीत तेल आणि वायू यांच्यामध्ये एक सैल सरकता दट्ट्या ठेवला. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला उच्च दाबाचा नायट्रोजन. दांडा आत शिरला की वायू थोडा दबतो आणि जागा देतो, पण तेलात मिसळू शकत नाही. शिवाय सगळे तेल सतत दाबाखाली असल्यामुळे जोरात सरकणाऱ्या दट्ट्याच्या मागे बुडबुडे धरत नाहीत. सोड्याच्या बाटलीचे झाकण लावलेले असते तोवर आत बुडबुडे दिसत नाहीत, तसेच हे. नायट्रोजन एवढ्याचसाठी की तो कोरडा असतो आणि तापलेल्या तेलाशी काही करत नाही.

चिखलातले दशक

द कार्बों यांची युक्ती मोटारींना लवकर मिळाली. मोटारसायकलींना तिची खरी निकड भासली १९७० नंतर, आणि ती मोटोक्रॉस नावाच्या शर्यतीत: चिखल, टेकाडे, खड्डे आणि उड्या. तेव्हा या गाड्यांचे मागचे चाक सुमारे १० सेंटिमीटर वर-खाली होई. दहा-बारा वर्षांत हा आकडा ३० सेंटिमीटरवर गेला. मोटारसायकलच्या इतिहासात एवढ्या थोड्या काळात एवढा बदल क्वचितच झाला असेल. शॉकअप बदलणे हा त्या वर्षांत मोटोक्रॉसवाल्यांचा नित्याचा उद्योग होता. जपानी गाड्यांची इंजिने सरस होती पण मागचे शॉकअप कमजोर, म्हणून रस्त्यावरचे शौकीनसुद्धा नवी गाडी घेऊन आल्यावर कारखान्याची जोडी काढत आणि इंग्लंडचे गर्लिंग किंवा हॉलंडचे कोनी बसवत.

चाक जास्त हलवायचे पण शॉकअपची लांबी तर मर्यादित. मग लोकांनी शॉकअप स्विंगआर्मवर पुढे सरकवला, तिरपा केला. इथे तरफेचा नियम येतो. शॉकअप चाकाऐवजी दांड्याच्या मध्यावर लावला तर चाक ३० सेंटिमीटर हलले तरी शॉकअप १५ च हलतो. पण त्याच्यावरचे बल दुप्पट होते. दुप्पट बलाखाली निम्मे दबायचे म्हणजे स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक हवी. विद्यार्थी इथे हमखास दुप्पट म्हणतात. त्यांना कागदावर मांडायला लावा.

बेल्जियममध्ये ल्युसियाँ टिल्केन्स नावाचे एक अभियंता-प्राध्यापक होते. मुलगा मोटोक्रॉस खेळणारा. त्यांनी दोन्ही बाजूंचे शॉकअप काढून टाकले आणि एकच लांबलचक शॉकअप पेट्रोलच्या टाकीखाली जवळजवळ आडवा बसवला. त्याला ढकलायला स्विंगआर्मवर त्रिकोणी चौकट उभी केली. व्हिन्सेंटच्या १९२८ च्या रचनेची ही नातच. पण आडव्या नळीत तेल आणि हवा एकावर एक राहत नाहीत, म्हणून इथे द कार्बों यांचा वायूचा शॉकअप अपरिहार्य होता. सुझुकीला ही कल्पना दाखवली गेली, त्यांनी ती घेतली नाही. यामाहाने घेतली. १९७३ साली स्वीडनचा होकान अँडरसन याच रचनेच्या यामाहावर २५० सी. सी. गटात जगज्जेता झाला, आणि 'मोनोशॉक' हा शब्द सर्वत्र झाला.

त्या सुमारास अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकलेल्या बॉब फॉक्सने पोलादी स्प्रिंगच काढून टाकली आणि तिच्या जागी दाबलेली हवा वापरली. बॉइलचा नियम आठवा. हवेचे आकारमान निम्मे झाले की दाब दुप्पट, त्याचे निम्मे झाले की चौपट. म्हणजे जितके दाबाल तितकी ही 'स्प्रिंग' कडक होत जाते, लहान धक्क्याला मऊ आणि मोठ्या उडीला कठीण. स्वीडनच्या केंट ओलिन यांनी स्वतःच्या शर्यतीच्या गाडीसाठी शॉकअप करता करता १९७६ मध्ये कंपनी काढली. दोनच वर्षांनी त्यांच्या शॉकअपवर गेनादी मोइसेयेव जगज्जेता झाला.

हवेने जे साधले तेच तरफांनीही साधता येते. शॉकअप आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये दोन-तीन लहान दांड्यांची जुळणी घातली तर चाक वर येत जाईल तसे तरफेचे प्रमाण बदलत जाते. १९८१ च्या सुमारास कावासाकी, सुझुकी, होंडा अशा सगळ्यांकडे वेगवेगळ्या नावांनी या जुळण्या आल्या. यातल्या सुझुकीच्या जुळणीमागे एक कटू प्रकरण आहे. डॉनल्ड रिचर्डसन या अमेरिकी माणसाकडे अशा रचनेचे १९७५ चे पेटंट होते. सुझुकीने त्याच्याशी करार करून ती तपासली, करार सोडून दिला आणि मग तिची जुळणी बाजारात आली. रिचर्डसन न्यायालयात गेला. १९८९ मध्ये अपील न्यायालयानेही पेटंटभंग झाल्याचा निर्णय कायम ठेवला.

आपल्या आवारातली गाडी

आपल्याकडे हे सारे बरेच उशिरा आले. २००४ मध्ये आलेल्या होंडा युनिकॉर्नला मागे एकच शॉकअप होता तेव्हा लोक वाकून वाकून बघत. रोजच्या वापराच्या गाड्यांना आजही बहुधा जोडीच असते आणि त्यात काही वावगे नाही. जोडी स्वस्त पडते, दुरुस्त करता येते, सामानाचे वजन सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना वाटते. त्यातले कितीतरी शॉकअप महाराष्ट्रातच तयार होतात, चाकणला, वाळूजला. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा पहिला कारखाना मुंबईत मुलुंडला होता. गॅब्रिएल हे नाव मात्र शॉकअपवरून आलेले नाही. अमेरिकेत क्लॉड फॉस्टर यांनी इंजिनाच्या धुरावर सुरात वाजणारा भोंगा काढला आणि कर्णा फुंकणाऱ्या देवदूताचे नाव त्याला दिले. मोटारींचे धक्के आवरणारी उपकरणे ते नंतर करू लागले.

मग कारखान्याचा शॉकअप बदलावासा का वाटतो? कारण कारखान्याला गाडी कोण चालवणार हे ठाऊक नसते. पन्नास किलोचा विद्यार्थी एकटा बसेल, की नव्वद किलोचे गुरुजी, मागे घरातले माणूस आणि मधे मूल? मागे बसणाऱ्याचे वजन जवळजवळ सगळे मागच्या चाकावर येते. स्प्रिंगवरचे वजन सव्वाशे किलोवरून दोनशेवर गेले तर गाडी खाली बसते, हे सर्वांना दिसते. न दिसणारी गोष्ट अशी की तेलाचा परिणामही कमी होतो. अवमंदन पुरेसे आहे की नाही हे वजन आणि स्प्रिंगचा कडकपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी तुलना करून ठरते. वजन एवढे वाढले तर तेच तेल सुमारे एक पंचमांशाने अपुरे पडते. म्हणून दोघे बसल्यावर गाडी जास्त डोलते, आणि खडबडीत उतारावर ब्रेक लावल्यावर मागचे चाक टणटण उडत घसरते. पडण्याची खरी भीती तिथे आहे.

शॉकअपच्या तळाशी खाचा असलेले एक कडे असते. ते पुढच्या खाचेत फिरवले की 'स्प्रिंग टाइट होते' असे म्हणतात. होत नाही. २० न्यूटनला १ मिलिमीटर दबणारी साधी स्प्रिंग कड्याने आधीच १० मिलिमीटर दाबून ठेवली, तर ती हलायला सुरुवातीला २०० न्यूटन जास्त लागतील. एकदा हलू लागली की पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला २० च. हूकच्या नियमाला कड्याचे काही कळत नाही. कडे फिरवल्याने गाडी उंच उभी राहते, आणि खाली बसलेल्या चाकाला पुन्हा हलायला जागा मिळते, एवढाच त्याचा उपयोग. तो काही लहान नाही. दोघे बसणार असाल तर कडे अवश्य फिरवा.

बदलायचेच असेल तर शॉकअपची लांबी, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत, मूळच्याइतकीच हवी. दिसायला रुबाबदार म्हणून लांब जोडी बसवली की मागची बाजू उचलली जाते, पुढचा फोर्क उभा होतो आणि वेगात हँडल चंचल होते. बदलायची ती जोडीच; एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला अशी सांगड चाकाला पिळते. आणि वायूचा शॉकअप कोणी खोलून दाखवतो म्हणाला तर लांब उभे राहा. आत दाब असतो.

पण आधी दोष कशात आहे हे पाहायला हवे, आणि त्याला एक टेप व दोन माणसे पुरतात. मागचे चाक हवेत राहील अशी गाडी मधल्या स्टँडवर लावा आणि आसापासून सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी खाली घेऊन नेहमीच्या वजनानिशी बसा आणि तेच अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. कडे शेवटच्या खाचेत असूनही तो जास्त भरला तर स्प्रिंग तुमच्यासाठी नाही, तुमच्यापेक्षा हलक्या माणसासाठी आहे. अशा वेळी पुष्कळदा नुसती स्प्रिंग बदलून भागते. फरक ठीक भरला, पण सीट जोरात दाबून सोडल्यावर गाडी वर येऊन न थांबता दोन-तीनदा डोलली, तर स्प्रिंगला हात लावू नका. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावरून बोट फिरवा. बहुधा बोटाला तेल लागेल.